ही बॅग तुम्हीच भरलीत का?

'संशयास्पद' हा शब्द आपण फार सहज वापरतो. रेल्वेस्थानकावर, बसस्थानकावर, विमानतळावर ध्वनिक्षेपकातून तो सतत कानांवर पडतो, आणि कानांनाही आता त्याची सवय झाली आहे. पण शब्द फोडून पाहिला तर तो काही वेगळेच सांगतो. 'आस्पद' म्हणजे स्थान, बसण्याची जागा. संशय जिच्यावर येऊन बसला आहे ती संशयास्पद वस्तू. हास्यास्पद, आदरास्पद हे शब्दही याच घडणीचे. म्हणजे संशय पाहणाऱ्याच्या मनातून निघतो आणि वस्तूवर जाऊन बसतो. आज तो ज्या पाण्याच्या बाटलीवर, बुटावर किंवा नारळावर बसलेला दिसतो, त्यांच्यावर तो पन्नास वर्षांपूर्वी बसलेला नव्हता. तो कसा व कोणत्या प्रसंगांनी बसत गेला, याचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांना विषय थोडा परका वाटेल. परंतु विमानतळावरील सामानाची तपासणी ही वाचनाचीच एक क्रिया आहे, असे आम्हांला वाटते. बंद आवरणाच्या आत काय आहे आणि ते तेथे ठेवणाऱ्याचा हेतू काय, हे बाहेरून ओळखायचे असते. तिच्यात होणाऱ्या चुकाही वाचनाच्याच चुका असतात.

प्रवाशाचे सामान तपासणे ही काही विमानयुगाची कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात नाक्यावरच्या अधिकाऱ्यांनी व्यापाऱ्यांची कोणती नोंद ठेवावी ते सांगितले आहे: कोण, कुठून आले, माल किती, आणि त्यावर ओळखीची खूण वा मुद्रा कुठे उमटवली. पण तेथे राज्याला हवे असते ते शुल्क. जकातदार पेटी उघडतो तेव्हा तिच्यातील मालाची किंमत करतो. विमानतळावरच्या शिपायाला किमतीशी काहीच कर्तव्य नसते. हिऱ्यांचा हार त्याच्यासमोरून निमूट निघून जातो, आणि दहा रुपयांची काडेपेटी अडकते. हा फरक मोठा आहे, आणि तो घडून येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१ नोव्हेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथून निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच स्फोट होऊन कोसळले. ४४ जण मरण पावले. जॅक गिल्बर्ट ग्रॅहम या तरुणाने आपल्या आईच्या सुटकेसमध्ये डायनामाइट ठेवले होते. विमानतळावर त्या काळी नाणी टाकून प्रवासविमा मिळणारी यंत्रे असत, आणि त्याने आईच्या नावे असा विमा उतरवला होता. आईने भरलेल्या पेटीत मुलाने भर घातली, इतकीच ती गोष्ट. खटला उभा राहिला तेव्हा ध्यानात आले, की प्रवासी विमान स्फोटाने पाडणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नव्हता. ग्रॅहमवर खटला चालला तो एका खुनाचा, आईच्या खुनाचा. १९५७ च्या जानेवारीत त्याला मृत्युदंड देण्यात आला. दरम्यान १९५६ मध्ये कायदा झाला. मात्र कायदा झाला तरी सामानाची तपासणी सुरू झाली नाही. कोणी स्वतःच्या आईला असे मारील ही गोष्ट इतकी अपवादात्मक वाटली, की त्यावरून इतर प्रवाशांच्या पेट्या उघडाव्यात असे कोणाच्या मनातही आले नाही.

१९६१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एक विमान धाक दाखवून क्यूबाकडे नेण्यात आले आणि तेथून पुढचे एक तप अपहरणांचे तप ठरले. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत सव्वाशेहून अधिक विमानांचे अपहरण झाले. आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, परंतु विमान कंपन्यांनी या काळात तपासणीला विरोधच केला. गिऱ्हाइकाची बॅग उघडली तर गिऱ्हाईक जाईल ही त्यांची भीती. त्यापेक्षा अपहरणकर्त्याचे ऐकावे, त्याला हवानाला सोडावे आणि विमान परत आणावे, हा हिशेब त्यांना स्वस्त वाटे. १९६९ च्या सुमारास मधला मार्ग निघाला. प्रवाशाच्या वागण्यातील काही खुणांवरून थोडे लोक निवडायचे आणि तेवढ्यांनाच धातुशोधक यंत्रातून न्यायचे. १९७१ च्या नोव्हेंबरात 'डॅन कूपर' या नावाने तिकीट काढलेल्या माणसाने आपली ब्रीफकेस किंचित उघडून हवाईसुंदरीला आतल्या लाल नळ्या व तारा दाखवल्या, दोन लाख डॉलर घेतले आणि पॅराशूट बांधून उडी मारली. तो आजतागायत सापडलेला नाही. त्या नळ्या खरोखर डायनामाइटच्या होत्या की नुसत्या रंगवलेल्या, हेही कधी कळले नाही. पुढील वर्षीच्या नोव्हेंबरात सदर्न एअरवेजचे विमान पळवणाऱ्यांनी ते टेनेसीमधील ओक रिज येथील अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा मात्र गिऱ्हाइकाची भीती मागे पडली. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील प्रत्येक सामानाची तपासणी अनिवार्य झाली.

ही तारीख आम्हांला महत्त्वाची वाटते. तोपर्यंत संशयाला काही कारण लागत असे, आणि त्या दिवसापासून ते लागेनासे झाले. नागरिकाची झडती घेण्यासाठी सबळ कारण हवे, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. मग सगळ्यांचीच झडती कोणत्या आधारावर घ्यायची? त्याच वर्षी, एका प्रवाशाच्या ब्रीफकेसमध्ये सापडलेल्या पिस्तुलाच्या खटल्यात, तेथील अपील न्यायालयाने युक्तिवाद मांडला तो असा. ही झडती गुन्हेगार पकडण्यासाठी नसून शस्त्र विमानात जाऊ नये यासाठीची प्रशासकीय व्यवस्था आहे. ती आवश्यक तेवढीच असावी, आणि ती नको असेल त्याला विमानात न बसण्याची मोकळीक असावी. जगभरच्या विमानतळांवर आज आपण जे निमूटपणे करतो त्यामागे याच जातीची, गृहीत धरलेली संमती आहे. 'नको असेल तर जाऊ नका' या वाक्याला मोकळीक म्हणावे काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

भारतातील कथा याच सुमारास सुरू होते आणि साहित्याच्या दृष्टीने ती अधिक विलक्षण आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे फोकर फ्रेंडशिप विमान श्रीनगरहून जम्मूकडे जात असता हाशिम कुरेशी व अशरफ कुरेशी या दोघा तरुणांनी ते लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परतले. विमान फेब्रुवारीच्या आरंभी जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीला आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात जाणाऱ्या विमानांना सिंहलद्वीपाला वळसा घालून जावे लागू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस काय घडले ते सर्वज्ञात आहे. ज्या पिस्तुलाने आणि हातबॉम्बने हे अपहरण झाले त्यांतील पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब लाकडी.

या घटनेला आठ वर्षे होतात न होतात तोच, २० डिसेंबर १९७८ रोजी, लखनौहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान दोघांनी वाराणसीस नेले. भोलानाथ पांडे व देवेंद्रनाथ पांडे ही त्यांची नावे, आणि इंदिरा गांधींची सुटका ही त्यांची मागणी. या खेपेस शस्त्रे होती खेळण्यातली पिस्तुले आणि एक क्रिकेटचा चेंडू. चेंडू हातबॉम्ब म्हणून दाखवला गेला, आणि तो हातबॉम्ब ठरला. कोणालाही इजा झाली नाही. १९८० च्या निवडणुकीत दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले. यावर आम्ही भाष्य करत नाही. असो.

आपल्याकडील वेदान्ताच्या पोथ्यांतून रज्जुसर्पाचा दृष्टान्त शतकानुशतके येत आहे. अंधारात पडलेली दोरी साप वाटते आणि दिवा आणला की भ्रम जातो. विमानातली अडचण अशी, की तेथे दिवा आणायला कोणी धजत नाही. चेंडू फेकून पाहा, असे म्हणण्याची किंमत शेकडो जीव असू शकते. म्हणून त्या बंदिस्त जागेत वाटणे हेच असणे ठरते, आणि दोरीनेही साप चावल्याइतकाच परिणाम साधता येतो. सुरक्षेच्या नियमांनी हे तत्त्व फार लवकर ओळखले. विमानात नेण्यास मनाई असलेल्या वस्तूंच्या याद्यांमध्ये खऱ्या शस्त्रांबरोबर शस्त्रांच्या प्रतिकृती आणि खेळण्यातली शस्त्रेही असतात. लहान मुलाच्या बॅगेतून प्लास्टिकचे पिस्तूल काढून घेणाऱ्या शिपायाला आपण हसतो. पण तो भारताच्या विमान अपहरणांचा इतिहास नेमका वाचत असतो.

१९७६ च्या सप्टेंबरात आणखी एक विमान लाहोरला नेले गेले होते. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष निघाला. तोच पुढे, १ एप्रिल १९८७ रोजी, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो या नावाने स्वतंत्र खाते झाला. या दोन तारखांच्या मध्ये 'कनिष्क' आहे.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'सम्राट कनिष्क' हे जंबो विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर फुटले. त्यात ३२९ जण गेले, आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे कॅनेडियन होते, कुटुंबेच्या कुटुंबे. स्फोटक भरलेली बॅग व्हँकूव्हर येथे एका माणसाने कॅनेडियन कंपनीच्या विमानात चढवली होती. त्याचे पुढचे तिकीट नक्की नव्हते, तरीही बॅग थेट पुढच्या विमानात जावी असा त्याने हट्ट धरला. रांग लांब होती. खिडकीवरच्या बाईंनी शेवटी ऐकले. माणूस विमानात बसला नाही, बॅग बसली. टोरोंटो येथे त्या दिवशी क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या, वास घेणाऱ्या एका उपकरणाने तपासल्या गेल्या. कोणत्याही कादंबरीकाराने इतके योगायोग एकत्र आणले असते तर समीक्षकांनी त्याला क्षमा केली नसती. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेली बॅग फुटली आणि ती उतरवणारे दोन कामगार ठार झाले.

ही बॅग हातातली नव्हती. पण हातातल्या सामानाचे सारे पुढचे नियम तिच्या छायेत झाले, म्हणून तिचा उल्लेख टाळता येत नाही. बॅग आणि बॅगेचा मालक यांची फारकत होता कामा नये हा नियम तिने जगाला शिकवला, आणि तोही पुरता शिकवला नाही. १९८८ च्या डिसेंबरात लॉकर्बीवर पॅन ॲमचे विमान कोसळून २७० जण मेले, तेव्हा कॅसेट रेकॉर्डरमध्ये दडवलेले सेमटेक्स असलेली बॅगही मालकावाचूनच प्रवास करत होती. कनिष्कच्या दुःखावर इंग्रजीत भारती मुखर्जी यांनी लिहिले. क्लार्क ब्लेझ यांच्यासह १९८७ मध्ये त्यांनी या घटनेवर पुस्तक काढले, आणि त्यानंतर 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' ही कथा लिहिली. आपल्याकडील इंग्रजी विभागांतून ती कथा स्थलांतरितांचे साहित्य म्हणून शिकवली जाते. ती वाचताना त्या खिडकीवरचा, त्या बॅगेवरचा एक मिनिटाचा वाद विद्यार्थ्यांना माहीत असावा असे आम्हांला वाटते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळू. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानात एक गरोदर आयरिश तरुणी बसणार होती. तेल अवीवला जाऊन प्रियकराच्या घरच्यांना भेटायचे, लग्न करायचे असे ठरले होते. प्रियकर वेगळ्या विमानाने येणार होता. बॅग त्याने दिली होती. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून ती बॅग बिनबोभाट पार पडली. फलाटाशी एल अलच्या स्वतःच्या सुरक्षा अधिकाऱ्याने तिला साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली: कशासाठी जाता, कुठे उतरणार, बॅग कोणी भरली? उत्तरे खरी होती. पण ती एकमेकांत बसत नव्हती. बॅग रिकामी केली तरी ती जड लागली. तिच्या खोट्या तळाखाली दीड किलो सेमटेक्स होते आणि स्फोट घडवणारी यंत्रणा एका गणकयंत्रात लपवलेली होती. विमानात पावणेचारशेच्या आसपास माणसे असणार होती. त्या तरुणीला यातले काहीही ठाऊक नव्हते. नेझर हिंदावी या तिच्या प्रियकराला ४५ वर्षांची शिक्षा झाली.

या प्रसंगात यंत्राला जे दिसले नाही ते एका माणसाला ऐकू आले. त्याने वस्तू शोधली नाही, तर गोष्टीतली विसंगती शोधली. निवेदकाला कथेतले सत्य माहीत नसते आणि वाचकाला ते तिच्या तुटलेल्या सांध्यांतून कळते, तसाच हा प्रकार. 'ही बॅग तुम्हीच भरलीत का?' हा प्रश्न पुढे जगभर पसरला. पण पसरता पसरता तो विचारण्याची रीतच गेली. मान खाली घालून, उत्तराकडे लक्ष न देता तो उच्चारला जाऊ लागला, आणि काही ठिकाणी तर नुसता छापील कागदावर उतरला. अमेरिकेत तो २००२ साली बंदच करण्यात आला. उलट एल अलच्या पद्धतीचे मर्म प्रश्नातच असल्याने तिची दुसरी बाजूही प्रश्नातच आहे. कोणाला जास्त प्रश्न विचारायचे हे ठरवताना नाव, धर्म, वंश मध्ये येतात, आणि अरब प्रवाशांना त्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानातही पूर्वग्रह असतो.

यंत्राकडे पाहू. व्हिल्हेल्म रोंटगेन याने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसह, जगप्रसिद्ध चित्र घेतले. दोनच वर्षांत पॅरिसमध्ये जकात अधिकाऱ्यांनी प्रवाशांच्या सामानावर त्यांचा प्रयोग करून पाहिला. विमानतळांवर ही यंत्रे आली ती १९७३ नंतर, हाताने बॅगा उचकून थकल्यावर. आजचे यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडते आणि पदार्थ त्यांना किती अडवतो त्यावरून पडद्यावर रंग भरते. जड धातू निळे, हलकी मूलद्रव्ये असलेले सेंद्रिय पदार्थ नारिंगी, मधले हिरवे. म्हणजे चाकू निळा दिसतो. साबण, चीज, चॉकलेट, पुरणपोळ्यांचा डबा आणि प्लास्टिक स्फोटक हे सगळे नारिंगी.

आणि पुस्तकही नारिंगी. कागद हा सेंद्रियच. दाट रचलेली पुस्तके पडद्यावर एक अपारदर्शक नारिंगी ठोकळा होतात, आणि त्यामागे काय आहे ते दिसत नाही. अधिवेशनाहून पुस्तके विकत घेऊन परतणाऱ्या प्राध्यापकांच्या बॅगा का अडतात याचे भौतिकशास्त्रीय उत्तर हे आहे. २०१७ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने काही विमानतळांवर प्रवाशांना पुस्तके व कागदपत्रे बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगून पाहिले. नागरी हक्कांच्या संघटनांनी विचारले की माणूस काय वाचतो हे चव्हाट्यावर का मांडायचे. त्याच जूनमध्ये प्रयोग थांबला.

ही भीती पोकळ नव्हती. २००९ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया विमानतळावर एका अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्याला काही तास अडवण्यात आले, हातकड्या घालण्यात आल्या. तो अरबी शिकत होता आणि त्याच्या खिशात शब्द पाठ करण्यासाठी केलेली कार्डे होती, एका बाजूस अरबी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. अरबी वृत्तपत्रे वाचता यावीत म्हणून त्यात 'बॉम्ब', 'दहशतवादी' असेही शब्द होते. जोडीला अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर टीका करणारे एक पुस्तक. त्याने दावा लावला. २०१३ साली अपील न्यायालयाने अधिकाऱ्यांना त्या दाव्यातून मुक्त केले. येथे संशय वस्तूवरून उठून शब्दावर जाऊन बसला. भाषा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना, वर्गातल्या फळ्यावर काय काय लिहिले जाते हे आठवून, यात स्वारस्य वाटणे साहजिक आहे.

पडद्यापुढे बसलेल्या माणसाची अडचण आणखी निराळी. त्याला जे शोधायचे ते जवळजवळ कधीच येत नाही. जेरेमी वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोक सुमारे ७ टक्के वेळा चुकत. तीच वस्तू शंभरात एका चित्रात ठेवली तेव्हा चूक ३० टक्क्यांवर गेली. डोळ्यांत दोष नव्हता. 'नाही' म्हणण्याची सवय झाली की 'आहे' दिसेनासे होते. या सवयीवर उपाय म्हणून यंत्रच अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रावर खोट्या पिस्तुलाचे वा बॉम्बचे चित्र चढवते आणि माणूस जागा आहे का ते पाहते. युरोपात एका माणसाने सलग वीस मिनिटांहून अधिक पडद्याकडे पाहू नये असाही नियम आहे.

मराठी वाचकाला यासाठी 'नेचर' चाळण्याची गरज नाही. १६६६ च्या आग्र्याच्या कथेत हेच आहे. फुलादखानाच्या चौक्यांवर पहिल्या दिवसांत मिठाईचे पेटारे उघडून पाहिले जात. रोज मिठाईच निघू लागली, तेव्हा पहारेकरी उघडीनासे झाले. महाराज स्वतः पेटाऱ्यात बसून निघाले की वेषांतर करून, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पहारेकऱ्यांच्या सवयीचा तपशील मात्र परंपरेने जपून ठेवला, कारण सांगणाऱ्यांना माणूस ठाऊक होता.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी ८१४ कंदाहारला गेले आणि भारतातली सारी व्यवस्था बदलली. तोवर विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडे होता. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. हातातल्या बॅगेला कागदी टॅग बांधायचा आणि तपासणीनंतर त्यावर शिक्का उमटवायचा, ही खास आपली रीत. शिक्का पुसट आला तर विमानाच्या शिडीपासून प्रवासी परत पाठवले जात. अर्थशास्त्रातली मुद्रा दोन हजार वर्षांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आली होती. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर हा शिक्का बंद झाला, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. प्रवासानंतर महिनोन्‌महिने बॅगेला लोंबणारे ते टॅग काढून न टाकणाऱ्यांची एक पिढी होती, हेही नोंदवून ठेवतो.

२००१ नंतरचा इतिहास वाचकांना अंगवळणी पडला आहे, म्हणून तो लवकर आटोपतो. ११ सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक आणले म्हणून बूट उतरले. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधील पेयांच्या बाटल्यांचा कट उघडकीस आला म्हणून द्रवाची मर्यादा १०० मिलिलिटर झाली. २००९ च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक आणले म्हणून शरीर पाहणारी यंत्रे आली. प्रत्येक कट फसला आणि प्रत्येकाने मागे एक विधी ठेवला. गंमत अशी, की डिसेंबर १९९४ मध्ये रमझी युसुफ याने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून स्फोटक नेऊन फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात स्फोट घडवला होता आणि एक जपानी प्रवासी मेला होता. द्रवाचा धोका बारा वर्षे ठाऊक होता. पण तो एका अहवालात होता, अजून मनात बसायचा होता. ब्रूस श्नायर या अभ्यासकाने अशा विधींना 'सुरक्षेचे नाटक' म्हटले. ते शब्द चपखल आहेत. २०१५ साली फुटलेल्या एका सरकारी अहवालानुसार, अमेरिकेतल्या गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा लपवलेली शस्त्रे वा नकली स्फोटके तपासणीतून पार झाली होती. तरीही आम्ही नाटकाला सर्वस्वी निरर्थक मानणार नाही. हिंदावीचा बेत ज्या दारात अडला त्या दारात रोज नाटकच चालते, आणि एखाद्या दिवशी पात्र खरेच ऐकते. बुटांचा विधी अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये संपवला. तो सुरू करणारा कैदी अजून तुरुंगात आहे.

बॅग अडली म्हणजे प्रत्यक्षात काय होते? ती मुख्य पट्ट्यावरून बाजूला घेतली जाते आणि मालकासमोर उघडली जाते. न उमगलेली वस्तू काढून ती आणि बॅग पुन्हा वेगवेगळ्या यंत्रातून जातात. एका कापडी पट्टीने बॅगेची मूठ, चेन, कडा पुसतात. ती पट्टी दुसऱ्या यंत्रात तापवली जाते आणि तिच्यावरच्या कणांना विद्युतभार देऊन त्यांच्या वेगावरून स्फोटकाचा अंश आहे का ते ठरते. ग्लिसरीन असलेले हाताचे मलम किंवा हृदयविकाराची नायट्रोग्लिसरीनची गोळी यांनीही ते यंत्र ओरडू शकते; ज्या रेणूने पूल उडतो तोच जिभेखाली ठेवून माणूस वाचतो. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर कोणी वस्तूला हात लावत नाही. जागा मोकळी केली जाते आणि बॉम्बशोधक व नाशक पथक येते. बहुतेक वेळा गोष्ट पहिल्या पायरीवरच मिटते, कात्री ट्रेमध्ये टाकून.

नियम सर्वांना सारखे असतात असे मात्र नाही. भारतात तपासणीतून सूट असलेल्या मान्यवरांची यादीच असते. त्या यादीत माजी राष्ट्रपती असतानाही एप्रिल २००९ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्लीत एका अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. कलामांनी हूं की चूं केले नाही. जुलैत संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. २९ सप्टेंबर १९८१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक विमान कृपाणांचा धाक दाखवून लाहोरला नेले गेले होते. तरी शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण नेता येते. पाते सहा इंचांहून आणि एकूण लांबी नऊ इंचांहून अधिक नसावी एवढीच अट, २०२२ च्या आदेशातही कायम राहिलेली. एकाच धातूच्या तुकड्याला एका खांद्यावर शस्त्र आणि दुसऱ्या खांद्यावर श्रद्धाचिन्ह म्हणून वाचायचे, हे काम कोणतेही यंत्र करत नाही. ते इंचपट्टीने आणि समजुतीने केले जाते.

कोकणातल्या घरून परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत सुके खोबरे जाते, ते विमानतळावर निघते. सुक्या खोबऱ्याला आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत १३६३ हा क्रमांक आहे: तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकणारा पदार्थ. अख्ख्या नारळालाही केबिनमध्ये परवानगी नसे. शबरीमलैचे यात्रेकरू डोक्यावर इरुमुडी घेऊन निघतात आणि तिच्यात तुपाने भरलेला नारळ असतो. तो मालाच्या कप्प्यात टाकायला त्यांचे मन घेत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी त्या हंगामापुरती सूट दिली. क्ष-किरण यंत्र, स्फोटकाचा अंश शोधणारी पट्टी आणि हाताने तपासणी या तिन्हींतून गेलेला नारळ २० जानेवारी २०२५ पर्यंत मांडीवर घेऊन बसता येणार होते.